मिशीवाला मोठा की हातसोड्या

माझं लग्न मोडायला आलं होतं ते हुंड्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, की मुलगी सावळी म्हणूनही नाही. ते मोडायला आलं होतं दोन फटफटीवाल्यांवरून. दोघांपैकी एकही आमच्या नात्यागोत्यातला नव्हता, एकाचंही नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि दोघंही कधीच आपापल्या वाटेनं निघून गेले होते.

आमच्या औराद भागातल्या जत्रांत मौत का कुआँ यायचा. लाकडी फळ्यांची गोल, उभी भिंत, माडीच्या घराएवढी उंच. आत एक गडी फटफटीवर बसून त्या भिंतीवरून गरगर फिरायचा आणि आपण वरच्या कठड्याला टेकून खाली बघायचं. फटफटी वर चढत आली की सगळ्या फळ्या खडखडायच्या आणि नुकतीच खाल्लेली भजी पोटात जागा बदलायची.

माझ्या अप्पांच्या मते जगात फटफटी चालवणारा माणूस एकच होऊन गेला, तो म्हणजे मिशीवाला. आमचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. अप्पा पोरवयात आजोबांबरोबर जत्रेत लोकर विकायला जायचे, तेव्हा त्यांनी त्याला पाहिलेलं. गड्याचा मोठेपणा मोजायची अप्पांची स्वतःची रीत होती. कठड्याच्या फळीवर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा. गडी कच्चा असला तर गाडी हिसके देते, फळ्या हादरतात आणि अर्धा चहा सांडतो. मिशीवाला फिरला तेव्हा म्हणे एक थेंब सांडला नाही, उलट चहावर साय धरली. ही साय अप्पांनी पुढं कधीतरी वाढवली असावी, कारण मी लहान असताना गोष्टीत साय नव्हती.

तेव्हापासून अप्पांनी दर जत्रेत, दर गड्याला ग्लास लावला. एकही पास झाला नाही. आई म्हणायची, "ह्या माणसानं जत्रंत सांडलेला चहा साठवला असता तर पोरीच्या लग्नातल्या पंगती उठल्या असत्या."

तर पोरीचं लग्न. मी तेव्हा शिक्षिकेची परीक्षा पास होऊन जवळच्या मराठी शाळेत लागले होते. स्थळ आलं मादन हिप्परग्याचं. घरचं शेत, मुलगा पुण्याला कंपनीत. तो बघायला आला तेव्हा आत्यानं त्याला विचारलं, पुण्यात जेवणाचं काय करता? तो म्हणाला, "खोलीवर चौघं राहतो. भाकरी मी करतो. माझ्या भाकरीला पापुद्रा येतो." हे त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू दाबता येईना. मग तोही हसला. मला तो तिथल्या तिथं आवडला. आमच्याकडं मुलीनं असं म्हणायची पद्धत नव्हती, पण पापुद्र्याच्या भाकरीला नाही म्हणणारी मी कोण?

बैठक ठरली. कपडे कुणी घ्यायचे, वऱ्हाड किती, मांडव कुणाच्या दारात, सगळं सुरळीत झालं. आता फक्त सुपारी फोडायची राहिली. सुपारी फुटली की शब्द पक्का, मग माघार नाही. ताटात सुपारी ठेवली आणि आत्या अडकित्ता शोधायला आत आली. तेवढ्या वेळात काहीतरी बोलायचं म्हणून माझे होणारे सासरे म्हणाले, "जत्रंत औंदा मौत का कुआँ येणार म्हणायलेत."

अप्पा खूश झाले. "येऊ द्या. पर मिशीवाल्यावाणी गडी आता कुठं राह्यला?"

"मिशीवाला? लहानपणी पाह्यलाय की मी. बरा व्हता."

त्या 'बरा'नं घात केला. अप्पांना कुणी दरोडेखोर म्हटलं असतं तर चाललं असतं. सासरे मात्र आपल्याच नादात पुढं निघाले. खरा गडी म्हणजे हातसोड्या, म्हणाले. तो मिशीवाल्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी आला. दोन्ही हात सोडून फिरायचा. सासऱ्यांनी कठड्यावरून विडा पुढं धरला, तर त्यानं जाता जाता तो बोटांत उचलून तोंडात टाकला आणि पुढच्या फेरीला वर येऊन ओरडून सांगितलं, चुना कमी पडला.

"हात सोडायला काय लागतंय?" अप्पा म्हणाले. "शेणाच्या गाडीवर बसून बैलाचा कासरा मी बी सोडतो."

"अन् चहा न सांडायला काय लागतंय? फळ्या नव्या असतील."

"नव्या? कामून नव्या? तुम्ही खिळे ठोकायला गेल्ता का?"

अप्पा उठून उभे राहिले. सासरेही उठले. आत्या अडकित्ता घेऊन बाहेर आली आणि तसाच पाठीमागं लपवून उभी राहिली, कारण त्या दोघांच्या हाताला लागेल असं काही दिसू देणं बरं नव्हतं.

तोड काढली ती आत्यानंच, आणि तिच्या तोडीनं आग विझायची सोडून घराला लागली. ती म्हणाली, जत्रा आठ दिवसांवर आलीय. दोघांनी जावं, आपापली परीक्षा लावावी. आजचा गडी चहाच्या परीक्षेत पास झाला तर माझ्या भावाचा मिशीवाला मोठा. विड्याच्या परीक्षेत झाला तर पाहुण्यांचा हातसोड्या मोठा. दोघांनाही ते पटलं. इथवर ठीक होतं. पण अप्पा म्हणाले, "मी हरलो तर ह्या घरी पोरगी देणार न्हाई." सासरे म्हणाले, "अन् मी हरलो तर ह्या घरची पोरगी करणार न्हाई." आणि दोघांनी मोठ्या समाधानानं रामराम केला.

मी चुलीजवळ बसून ऐकत होते. शाळेत मी गणित शिकवायचे. अप्पा जिंकले तरी लग्न मोडणार, सासरे जिंकले तरी मोडणार. एवढी साधी बेरीज त्या अंगणातल्या एकाही पागोट्याखाली झाली नव्हती. मला इतका राग आला की मी त्या दिवशी भाकरी करपवली आणि तीच अप्पांना वाढली. त्यांनी ती मिशीवाल्याच्या विचारात खाऊन टाकली.

औरादला तेव्हा नुकतेच एसटीडी बूथ झाले होते. मी शाळा सुटल्यावर गेले आणि पुण्याच्या खोलीखालच्या किराणा दुकानात फोन लावला. होणाऱ्या नवऱ्याला बोलावून आणेपर्यंत माझी छाती फळ्यांसारखी खडखडत होती. मी सगळं सांगितलं. "वडलांना समजावा की," म्हटलं.

"त्यांना समजावणं म्हंजे पालथ्या घड्यावर पाणी," ते म्हणाले. "मी जत्रंला येतो. काय व्हायचं ते आपल्या डोळ्यासमोर हुंदे."

जत्रेच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे कुआँच्या पायऱ्या चढलो. अप्पांनी हॉटेलातून उकळता चहा आणून ग्लास माझ्यासमोर फळीवर ठेवला. "नजर हलवू नको," म्हणाले. समोरच्या बाजूला सासरे हातात विडा घेऊन उभे, त्यांच्या शेजारी माझे हे, तोंड परीक्षेच्या निकालासारखं करून. आत्यानं सुपारी पदराच्या गाठीत बांधून आणली होती. लागलीच तर असावी, असं तिचं म्हणणं.

खालचं दार उघडलं आणि फटफटी ढकलत एक पोरगी आत आली. सलवार-कमीज, काळा चष्मा, लांब वेणी कमरेला खोचलेली. अप्पा मोठ्यानं हसले. समोरून सासरेही हसले. आठ दिवसांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

पोरीनं खालच्या उतारावर दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्याला भिंत पकडली. नंतर ती कशी फिरली ते मला सांगता येणार नाही, कारण मी ग्लास बघत होते. फटफटी कठड्याखालून जायची तसा चहा थरथरायचा, त्यावर बारीक गोल उमटायचे, आणि परत थांबायचा. मी जन्मात पहिल्यांदा देवाला म्हटलं, सांडू दे. पोरगी कठड्याच्या अगदी हातभर खाली आली, लोक किंचाळून मागं सरले, तरी चहा काठावर टेकला आणि आत वळला. मी कोपर हळूच ग्लासाजवळ नेलं. खोटं कशाला बोलू, नेलं. पण अप्पांनी आयुष्यभर ज्या थेंबाची वाट पाहिली तो पाडायला माझा हात होईना. मला रडू आलं.

फटफटी खाली उतरली, आवाज बंद झाला. फळीवर एक थेंब नव्हता. अप्पांनी ग्लास पाहिला. सगळ्यांना बोलावून दाखवायला त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं. तेवढ्यात समोरून सासऱ्यांचा आवाज आला.

"विडा पडला बरं का. पोरीला घेता आला न्हाई."

अप्पांचा हात वरच राहिला. मग त्यांनी तो गरम चहा उचलून एका घोटात गिळला, डोळ्यांत पाणी आलं तरी गिळला, आणि रिकामा ग्लास समोर उलटा धरून दाखवला.

"हिकडं बी सांडला. समदा सांडला."

दोघंही नापास. म्हणजे कुणीच हरलं नाही. पायऱ्या उतरेपर्यंत दोघं म्हातारे खांद्याला खांदा लावून आजकालच्या गड्यांना शिव्या देत होते. आता तसं कुणी राहिलं न्हाई. गाड्या हलक्या झाल्यात. खाण्यात कस न्हाई. आत्यानं वेळ घालवला नाही. पदराची गाठ सोडली, पेढ्याच्या दुकानातलं लोखंडी माप मागून घेतलं आणि तिथंच सुपारी फोडली. अर्धी सुपारी उडून पेढ्यांत गेली. ती कुणी खाल्ली ते कळलं नाही. अप्पा दोन दिवस ताकभातावर होते.

लग्न झालं, मी पुण्याला आले. अप्पांची ती गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, पण मनात जपून ठेवली. सासऱ्यांनी कधी ताठा दाखवला की मला वाटायचं, माझ्या बापानं जीभ भाजून घेतली म्हणून तुमच्या घरात सून आली, तुमचं काय गेलं? हे मी बारा वर्षं पोटात ठेवलं. मग एकदा फ्रिज कुठं ठेवायचा यावरून भांडण जुंपलं आणि ते बाहेर पडलं.

"माझ्या अप्पांनी तुमच्यासाठी उकळता चहा गिळला," मी म्हटलं. "एक थेंब सांडला नव्हता. जिंकले होते ते."

ह्यांनी फ्रिज सोडला. "तुझे अप्पा? अगं, त्या पोरीनं विडा घेतला व्हता. माझ्या डोळ्यासमोर खाल्ला. जिंकले व्हते आमचे वडील. तुझ्यासाठी खोटं बोलले."

फ्रिज तिथंच मधोमध राहिला. आम्ही दोघंही खाली बसलो. बारा वर्षं एकाच घरात दोघंही मनातल्या मनात एकमेकांवर उपकार चढवत आलो होतो. आधी हे हसले, मग मी.

पुढच्या सुट्टीत मी माहेरी गेले. मौत का कुआँ जत्रेत यायचा बंद झाला होता, पण अप्पा आणि सासरे मोबाईलवर रोज बोलत आणि न आलेल्या गड्यांनाही नावं ठेवत. अप्पांना आता दिसायचं कमी झालं होतं. मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "अप्पा, त्या दिवशीचा ग्लास भरलेला होता. मी पाहिला."

"तुला नजर ठेव म्हणलं व्हतं, पाहणारच की."

"आणि सासऱ्यांचा विडाही पडला नव्हता. तुम्हाला माहीत नसेल."

"मला?" अप्पा म्हणाले. "मी तर विड्याकडंच पाहायलो व्हतो. ग्लासाला तू व्हतीस. पोरीनं विडा उचलला, खाल्ला, चुन्याचं बोट वेणीला पुसलं. म्हणलं, गेलं, पोरीचं लगीन गेलं. तर हा बाबा म्हणायलाय, पडला. आपला गडी आपल्या तोंडानं पाडला त्यानं, पोरासाठी. असल्या घरी पोरगी न्हाई द्यायची, तर मग कुठं द्यायची?"

सासऱ्यांवरचा सगळा जुना राग मला आठवला आणि माझीच मला लाज वाटली. म्हातारा लग्नाच्या आधीपासून माझ्या बाजूनं होता. थोड्या वेळानं मी विचारलं, "मग सगळ्यांत मोठं कोण, अप्पा? मिशीवाला, हातसोड्या की ती पोरगी?"

अप्पांनी मान फिरवून आसपास कुणी नाही याची खात्री करून घेतली. "ती पोरगी. पर तुझ्या सासऱ्याला सांगू नको." मग हळूच म्हणाले, "तिच्या चहावर साय धरली व्हती. म्हणून तर जीभ भाजली, सायीखाली चहा गरम राहतोय. तू जवळ व्हतीस. तुला दिसली असंल."

तो ग्लास मी डोळे फाडून पाहिला होता. त्यावर साय नव्हती.

"व्हय, अप्पा," मी म्हटलं. "चांगली जाड धरली व्हती."