गुप्त मतदानात माझंच पितळ उघडं

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा ऐकताना एकीच्या नाकातून चहा आला होता, आणि तिच्या नव्या ड्रेसचं पाप अजून माझ्या माथ्यावर आहे. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण हा म्हणजे… थांबा, वर्षापासूनच सुरू करते. माझे सगळेच ताप तिच्यापासून सुरू होतात.

वर्षा माझी होस्टेलची रूममेट. अहमदपूरची. लातूरचं आमचं होस्टेल भूकंपात पडलेल्या गावांतल्या पोरींसाठी सुरू झालेलं. पुढे शहरात कोचिंग क्लासेसचा पूर आला आणि चहूकडच्या पोरी तिथं राहायला लागल्या. आम्ही दोघी डॉक्टर व्हायला आलो. दोघीही झालो नाही. पण न होण्यातसुद्धा फरक बघा! ती क्लासमध्ये बायोलॉजीची मॅडम झाली आणि मी त्याच क्लासच्या मागच्या खोलीत तिने काढलेले पेपर कॉम्प्युटरवर चढवते. ती वर्गात शिरली की पोरं उठून उभी राहतात. मला बघितलं की विचारतात, "दीदी, वायफायचा पासवर्ड?"

मी जळते का तिच्यावर? छे हो! मी फक्त बघते. तिचे केस बघते, तिचे इस्त्रीचे कपडे बघते, क्लासचे सर तिला "या मॅडम" म्हणतात ते बघते. आणि मग जेवण जात नाही, एवढंच.

दुसरं म्हणजे मी दचकते. आमचं मूळ गाव भूकंपातलं. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या घरात आजही ताटली पडली तरी सगळे अंगणात पळतात. कुणाला वारशात शेत मिळतं, मला हे मिळालं.

तर या होस्टेलच्या माजी विद्यार्थिनींचं एक मंडळ आहे. अध्यक्ष निवडायचा तर बाहेरगावच्या सभासदांना मतपत्रिका टपालानं जायची, खूण करून परत पाठवायची. या वेळी मंडळाच्या सचिव कमलताईंना नांदेडहून नसीमआपांचा फोन आला. आपा तिथल्या जुन्या अत्तरवाल्यांच्या घरातल्या, लातूरला शिकल्या, टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या. जन्मापासून दृष्टी नाही.

मी शेजारीच होते, कमलताईंनी स्पीकर लावला होता. आपा म्हणाल्या, "कमल, आजवर माझी मतपत्रिका भावजयीनं वाचली, अन् खूणबी तिनंच केली. मी सांगायची एक नाव, ती म्हणायची, हाव आपा, केलं. काय केलं ते अल्ला जाणे! यंदा मी माझ्या बोटानं मत देणार. माझ्या घरी बसून. अन् कुणाला दिलं ते कुणाच्या बापाला कळलं न्हाई पाहिजे."

अशा आणखी काही जणी निघाल्या. मुखेडच्या एकीची नजर साखरेनं गेलेली. एकीला डोळे चांगले, पण छापील अक्षरं जागेवर थांबतच नाहीत, नाचतात.

कमलताई माझ्याकडे वळल्या. "सारिका, तू क्लासात त्या ऑनलाइन टेस्टा घेऊन राहिलीस ना? बस, त्याच्यावरच मतदान. समद्या फोनवरून."

आता लातुरात काहीही करायचं असलं तरी ते टेस्ट सिरीजच्या साच्यातच बसवायचं, हा आमचा धर्म! सरांनी रविवारच्या मतदानासाठी पोर्टल वापरायला दिलं. मी मतपत्रिका केली: प्रश्न पहिला, अध्यक्ष कोण? पर्याय अ, शोभाताई. पर्याय ब, वर्षा.

हो, वर्षा उभी होती. नसती तर आश्चर्य.

आपांकडे पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोन होता. त्यांना सरावासाठी लिंक पाठवली. लगेच फोन. "बेटा, मी सरावाला शोभाचं बटन दाबलं. फोन म्हणतो, उत्तर चूक, एक गुण वजा!"

"काय?"

"वर म्हणतो, निराश होऊ नका, सराव वाढवा!"

निगेटिव्ह मार्किंग बंद करायचं राहिलं होतं! आणि बरोबर उत्तर म्हणून पोर्टलनं आपोआप काय धरलं होतं? पर्याय ब! म्हणजे सॉफ्टवेअरलासुद्धा वर्षाच!

ते सगळं काढलं. पोर्टलवाल्याच्या मागे लागून असं करून घेतलं, की मत कुणी दिलं ते दिसावं, पण कुणाला दिलं ते मलाही दिसू नये. आपा खूश झाल्या. म्हणाल्या, "आता एकच. तू फोटो लावलेत. आमचा फोन तिथं नुसता 'फोटो' म्हणून गप बसतो. फोटोमागं वर्णनाची जागा असती बघ, तिथं दोन शब्द लिही. डोळ्यांनी बघणारीला ते दिसत न्हाई, आम्हाला ऐकू येतं."

त्याच दुपारी मंडळाची बैठक होती. वर्षा बोलायला उठली. "आपल्या ज्या मैत्रिणींना छापील वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आपण हे मतदान खुलं करतोय," वगैरे वगैरे. टाळ्या! काही जणींनी डोळे पुसले. शेवटी बाईसाहेब म्हणाल्या, "आणि हो, सारिकानं टायपिंगला मदत केली."

टायपिंगला!

मी तशीच तणतणत क्लासमध्ये आले आणि वर्णनं लिहायला बसले. शोभाताईंचं लिहिलं: चष्मा, हिरवी साडी. झालं. मग वर्षाचा फोटो. पुसून टाकायचंच आहे, म्हटलं, आधी मन तर मोकळं करू. बोटं सुटली:

"ही वर्षा. केस मोकळे, कारण दाट आहेत ना! हिला सगळं मिळतं. दहा जणींचं काम एकटी करते आणि दमत नाही मेली. पोरं हिच्या तासाला बाकड्यावर जागा धरून बसतात. होस्टेलात मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायची, तेही न सांगता. काय गरज होती एवढं चांगलं वागायची? माणसानं दुसऱ्यासाठी काही दोष तरी ठेवावा!"

आहाहा. हलकं वाटलं. आता पुसणार, तेवढ्यात मागे धाडकन स्टीलचा डबा आदळला!

माझं बोट 'जतन करा'वर आणि मी दाराबाहेर. एका उडीत.

"अगं बाई, मी आहे," वर्षा हसत म्हणाली. "सकाळपासून जेवली नाहीस ना? भाकरी आणि ठेचा आणलाय."

बघा! हेच ते! मी खाली मान घालून दोन भाकरी खाल्ल्या आणि पुसायचं पार विसरले. नंतर मतपत्रिका उघडून पुन्हा पुन्हा तपासली. नावं बरोबर, फोटो बरोबर, कुठं काही नाही. कसं दिसणार? डोळ्यांनी बघणारीला दिसतच नाही ना ते!

रविवार उजाडला. मतं पडायला लागली. दुपारी आपांचा फोन.

"दिलं बेटा," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "घरात कुणाला खोलीबाहेर जा म्हणायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती. आज भावजयीला म्हणलं, जरा बाहेर बस, मला मत द्यायचंय."

मी "आपा…" म्हणतेय, तोवर त्यांचा सूर बदलला.

"अन् काय गं, वर्षाचे केस लई दाट हायेत का?"

"हं?"

"न्हाई, मेली दमत न्हाई म्हणून विचारलं."

पुढचं मला आठवत नाही. मी अंगणात होते.

"आपा, कुणी कुणी ऐकलं?"

"मुखेडवालीनं दोनदा लावलं. म्हणाली, मतदान इतकं रंगतदार असतं हे ठाऊकच नव्हतं."

"आपा, मी कमलताईंना सांगते. मतदान रद्द!"

"खबरदार!" आपा कडाडल्या. "माझं पहिलं मत हाय ते! तुझ्या जळण्यापायी माझं मत जाळतीस?"

आता आली का पंचाईत! सांगावं तर आपांचं मत जातं, न सांगावं तर शोभाताईंवर अन्याय. बिचाऱ्या नुसत्या चष्मा आणि हिरवी साडी! रडत रडत कमलताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मंडळाच्या ग्रुपवर खुलासा टाकला. वर मजकूरही टाकला. जसाच्या तसा. 'मेली'सकट!

मला वाटलं होतं, शिव्या पडतील. पडल्या, पण भलत्याच कारणाला. "हे आम्हाला का नाही दाखवलं?" "डोळे आहेत हा आमचा गुन्हा काय?" "त्यांना एवढं ऐकायला मिळतं आणि आम्हाला नुसता फोटो?" मंडळात पहिल्यांदाच डोळस बायकांनी तक्रार केली, की मतपत्रिका आम्हाला वाचता येत नाही!

शोभाताईंचा फोन वेगळाच. "सारिका, खरं सांग. माझ्यात जळण्यासारखं काहीच न्हाई का गं?"

कमलताईंनी फेरमतदान जाहीर केलं. मी हात जोडून आपांना फोन लावला. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, मग म्हणाल्या, "बरं. देते पुन्हा. इतक्या वर्षांचा उपास हाय, दोनदा जेवले तर काय बिघडलं?"

आणि वर्षा? ती दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत आली. मी कॉम्प्युटरच्या आड. वाटलं, आता ही समजुतीनं बोलणार आणि मला आणखीच राग येणार. ती नुसती म्हणाली, "तापात मी बसायचे, ते तुला कळत होतं? मला वाटायचं तू झोपलीयस." आणि तिचे डोळे भरले. तेसुद्धा तिला शोभतात हो, माझे नुसते सुजतात!

पण फेरमतदानाला मी देवाशपथ सांगते, मी वर्षाचं बटन दाबलं. मनापासून. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिला काहीतरी न जळता दिलं.

निकालाला सगळ्या जणी व्हिडिओ कॉलवर. कमलताईंनी वाचलं: वर्षा प्रचंड मतांनी विजयी. शोभाताईंना दोन मतं.

शोभाताई हसून म्हणाल्या, "त्यातलं एक माझंच."

आणि दुसरं?

पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतल्या सगळ्या बायका डोळे बारीक करून कुणाला तरी शोधायला लागल्या. मला कळलं, त्या माझा चौकोन शोधतायत.

"मी नाही!" मी ओरडले. "शप्पथ! मी वर्षालाच दिलं!"

"असू दे गं," वर्षा गोड हसली. "मनाला वाटेल तिला मत द्यावं. लोकशाही आहे."

"अगं पण मी खरंच…"

"दाखव मग," कमलताई म्हणाल्या.

काय दाखवू? कपाळ? कुणी कुणाला दिलं ते ब्रह्मदेवालाही दिसू नये, अशी सोय मीच करून ठेवली होती! तेवढ्यात नांदेडच्या चौकोनातून, कॅमेरा बंद, हळूच एक हसू ऐकू आलं.

मी कॉल संपल्या संपल्या फोन लावला. "आपा, ते मत तुमचं होतं ना? सांगा ना सगळ्यांना!"

"कसं सांगू बेटा?" आपा तृप्त आवाजात म्हणाल्या. "गुप्त असतं ना ते."

दुसऱ्या दिवशी शोभाताई स्वतः घरी आल्या. डबाभर बेसनाचे लाडू माझ्या हातात देऊन, डोळे पुसत म्हणाल्या, "सगळं जग तिकडं गेलं, पण तू माझ्यासंगं राहिलीस गं!"

आणि मी ते लाडू खाल्ले हो. सगळे.