चौथं पिंप

बाविसाव्या वर्षी महागावच्या बाजारात माझ्यापेक्षा माझं नाक जास्त ओळखीचं होतं. दारूच्या ठेकेदाराकडे मी चव घेणारा होतो. तांड्यातली म्हातारी माणसं थट्टेनं म्हणत, आज्यानं बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला आणि नातू नाकावर पोट भरून राह्यला. मला त्या थट्टेचा राग येत नसे. उलट बरं वाटे.

ठेकेदाराची भट्टी गावाबाहेर होती. तिथली ताजी मोहाची दारू तो सागवानी पिंपांत भरून ठेवी. ताजी दारू घसा खरवडते, लाकडात चार-सहा महिने राहिली की निवते. कोणतं पिंप आता विकायला काढायचं, कोणतं अजून ठेवायचं आणि कोणतं ओतूनच द्यायचं, हे मी सांगायचो.

हे काम मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी काका म्हणत असे. नात्याचे नव्हते. साठीतले, एकटे, गोदामामागच्या खोलीत राहणारे. पंधरा वर्षं तेच चव घेत होते. मग वयानं त्यांची जीभ गेली, तेव्हा ठेकेदारानं त्यांना पिंपं धुवायला लावलं आणि त्यांच्या जागी मला घेतलं. त्यांच्या जागी दुसरा असता तर त्यानं माझं तोंडही पाहिलं नसतं. काकांनी पहिल्याच दिवशी बांबूची नळी माझ्या हातात दिली.

ती पोकळ नळी पिंपाच्या तोंडातून आत सोडायची, वरचं टोक अंगठ्यानं दाबून धरायचं, बाहेर काढायची आणि आतली दारू पेल्यात सोडायची. सकाळी, उपाशी पोटी. कांदा नाही, तंबाखू नाही. आधी थोडी तळहातावर चोळून वास, मग जिभेवर घोटभर, मग थुंकायचं. "गिळली का इमान गेलं," काका म्हणत. झरी-जामणीकडून येणारी मोहाची फुलं वाटेत भिजली असली तर दारूला ओल्या गोणपाटाचा वास येई. हंडा तळाला लागला असला तर करपट चव. हे सगळं नाकाला कळे, जिभेला फार थोडं.

एकदा एका कोवळ्या पिंपाची दारू तोंडात धरवेना. मी म्हणालो, ओतून द्या. काकांनी माझा हात धरला. "थांब लेका. हे तान्हं लेकरू हाय, रडनच. भुकेनं रडते का रोगानं, येवढंच आपल्याले पाह्यचं असते." ते पिंप पुढं सगळ्यांत चांगलं निघालं.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या फाल्गुनात हे घडलं. होळी दोन दिवसांवर आली होती. आमच्या तांड्यांतून होळी म्हणजे वर्षाचा सण, आणि ठेकेदाराला त्या सणासाठी चार पिंपं फोडायची होती. तीन मी सहा महिने सांभाळलेली होती. चौथं त्याच आठवड्यात कुठूनतरी आलं होतं. कुठून ते ठेकेदारानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला त्या दिवशी सर्दी झाली होती. साधी नाही, नाक दगडासारखं बंद. सकाळी याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, चुलीवर ओव्याची पुरचुंडी गरम करून नाकाला लावली, काही उपयोग झाला नाही. आज काम होणार नाही असं सांगायला हवं होतं. पण जीभ गेल्यावर काकांच्या हाती पिंपं धुणं कसं आलं ते मी पाहिलं होतं, आणि त्याहून खरं सांगायचं तर बाजारातली ती ओळख मला सोडवत नव्हती. मी गेलो.

तीन पिंपं आठवणीवर सांगून मोकळा झालो. चौथ्यातून नळी भरली, तळहातावर चोळली, नाकाशी नेली. काहीच नाही. जिभेवर धरली. जळजळ होती, मागून थोडी गोडी होती. थुंकलो. ठेकेदार खडू घेऊन उभाच होता.

"काय म्हणता?"

"चालते."

उंबऱ्यावर काका बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पक्कं?"

"पक्कं," मी म्हणालो.

ठेकेदारानं पिंपावर खडूची फुली मारली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या खोलीवर गेलो. सण तीन पिंपांवरच भागला होता; चौथ्यातून फक्त गोदामातल्या माणसांना एकेक बाटली मिळाली होती. माझी मी उघडली नव्हती. ते बाजेवर उताणे पडले होते, खाली ओकारी सांडलेली. पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडे नाही, भिंतीकडे.

"कोण? दिवस निघाला का गा?"

दारातून ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडलं होतं.

एका लॉरीवाल्याच्या हातापाया पडून त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिथं आमच्याच गोदामातले दोन हमाल आधीच आणले होते. ते त्याच संध्याकाळी गेले. डॉक्टरांनी सांगितलं, दारूत लाकडाला पॉलिश करायचं स्पिरिट होतं. काका जगतील, डोळे मात्र येणार नाहीत. मी विचारलं, त्याला वास येतो का? डॉक्टर म्हणाले, येतो ना. चांगला उग्र येतो.

पोलिसांपुढे ठेकेदार म्हणाला, माझ्या माणसानं चव घेऊन पास केलं. मला विचारलं तेव्हा मी सर्दीचं सांगितलं.

"मग तेव्हाच बोलले काहून नाही?" जमादारानं विचारलं.

माझं सर्दीचं सांगणं त्यानं कागदावर लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. खटला चालला. पिंप देणारा व्यापारी सापडला नाही. ठेकेदार सुटला आणि मला कोणी आरोपींत धरलंच नाही.

काकांना मी आमच्या तांड्यावर आणलं. याडीनं एका शब्दानं विचारलं नाही. महिनाभर आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो नाही. मग एकदा त्यांना न्हाऊ घालताना माझ्याच्यानं राहवलं नाही. "काका, मले सर्दी होती. नाक बंद होतं माझं."

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "तू दारातून आला तवाच तोंडानं श्वास घेऊन राह्यला होता."

हातातला लोटा तसाच राहिला. "मग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तर शेठनं तुले काढलं असतं. मले वाटलं, तीन तर आपलीच पिंपं हायेत. चौथं बी असन तसंच."

"अन् तुम्ही पेले कायले मग?"

अंगावरचं पाणी वाळत चाललं होतं. "तू पक्कं म्हटलं ना गा," ते म्हणाले. "मंग मी कोनाच्या भरवशावर प्याचं?"

त्यावर त्यांनी मला दोष दिला नाही, पुन्हा विषयही काढला नाही. दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

मी ते काम सोडलं आणि जिनिंगात सरकीची पोती वाहू लागलो. काका आमच्याकडे चार वर्षं जगले. याडी त्यांना भाकर कुस्करून देई, आणि ती शेताला गेली की ते ओट्यावर एकटे बसून राहत. एका वैशाखात दोन दिवसांच्या तापानं गेले. मातीला आम्ही तांड्यातले सात-आठ जण होतो. त्या हमालांच्या घरी मी कधीच गेलो नाही. एकाचं घर जिनिंगच्या वाटेवर होतं, मी लांबून वळसा घालून जात असे.

तोवर आमच्याकडेही दारूबंदी आली होती. ठेकेदारानं त्याच गोदामात गुराढोरांच्या ढेपेचं दुकान घातलं. बाजाराच्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर बसलेला असे. काका गेले त्यानंतरच्या बाजाराला मी तिथून चाललो होतो. त्यानं मला हाक मारली नाही, फक्त हात कपाळाशी नेऊन रामराम घातला. मीही घातला.