पंचनाम्यात लिहिलेला हार

अंधेरीचं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. त्यात भलत्या माणसावर संशय घेतला गेला, आणि घेणाऱ्यांत मीही होतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सब-इन्स्पेक्टर होतो. वडील मुलुंडच्या खाणीत दगड फोडायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. म्हणून काँप्युटरची तक्रार आली तेव्हा हवालदार लगेच म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले. हे तुमचंच." काँप्युटर मीही कधी पाहिला नव्हता. पण तसं सांगतो कोण?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कपाटाएवढं मशीन होतं, पुढच्या बाजूला खटक्यांची, म्हणजे छोट्या स्विचांची, रांग असलेलं. त्यावर युनिक्स नावाची व्यवस्था चालायची, त्यामुळे निरनिराळ्या टेबलांवरची आठ-दहा माणसं एकाच वेळी काम करू शकत. त्या दिवशी मशीन सुरू व्हायचं, टेलिप्रिंटरवर कुंपणासारखं एक चिन्ह उमटायचं आणि तिथेच थांबायचं. बाकीची सगळी टेबलं मुकी.

व्यवस्थापक संतापले होते. "मशीन सुरू करायच्या वहीत लिहिलंय तसं मी स्वतः पाच वेळा सुरू केलं. आमच्या ऑपरेटरनं सुरुवातीच्या सूचनांची फाईल बिघडवली आहे. राखीव डिस्क लावली, तिच्यातही तेच. दोन्ही नासवल्या त्यानं आणि रजेवर गेला. संध्याकाळपर्यंत त्याला आत घ्या."

दोन पंच बोलावून मी पंचनामा केला आणि खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. बाहेर पडताना शिपाई हळूच जवळ आला.

"साहेब, खंडेनवमीला आमच्या साहेबांची नि ऑपरेटरची वाजली होती. साहेबांनी मशीनची पूजा मांडली, तर हा म्हणतो, हार घालू नका. किरिस्ताव आहे ना तो."

मला हेतू मिळाला. तक्रार होती, संधी होती, आता हेतूही. मी खूश झालो, हे कबूल करतो.

ऑपरेटर गोराईचा. हवालदार होडीनं खाडी पार करून गेले आणि दुपारपर्यंत त्याला घेऊन आले. भातकापणीतून तसाच उठून आला होता, पायाला चिखल, बोटाला विळ्याची चीर. वय चोवीस-पंचवीस. पुढच्या महिन्यात नोकरीत कायम होणार होता. गुन्हा दाखल झाला असता तर ते तर गेलंच असतं, पण पुन्हा कुठल्या मशीनजवळ त्याला कुणी उभंही केलं नसतं.

"हाराला का नाही म्हणालास?" मी दरडावलं.

"हाराला नाय म्हटलं साहेब. खटक्यांवर नको म्हटलं. वर बांधा, बाजूला बांधा. आम्हीपण होडीला हार घालतो. पण नाळेला, पुढच्या टोकाला घालतो, वल्ह्याला कोण घालेल?"

हवालदारांना हसू आलं. मी डोळे वटारले, पण मलाही उत्तर पटलं होतं.

"राखीव डिस्क कुठे असते?"

"आमच्या सरांच्या कपाटात. किल्ली त्यांच्याकडेच. मी तर तिला महिनाभर बघितलीपण नाय."

इथे मी थांबलो. कुलूप व्यवस्थापकांचं, किल्ली त्यांची, तरी आतली डिस्क यानं नासवली? दोन वेगळ्या डिस्कवर एकच बिघाड दिसतो, तर बिघाड डिस्कवर नसावा. एवढं कळायला काँप्युटर यावा लागत नाही.

घरफोडीच्या तपासात माझी एक सवय होती. आरोपी तोंडानं जे सांगतो ते मी अर्धंच धरायचो. कडी कशी काढलीस, हातानं दाखव, म्हणायचो. हाताला खोटं बोलायची सवय नसते.

"हे टेबल म्हणजे मशीन समज," मी म्हणालो. "रोज सकाळी कसं सुरू करतोस? बोलू नकोस. करून दाखव."

त्यानं टेबलाच्या कडेवर बोटांनी एकेक खटका लावल्यासारखं केलं. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. थांबला. मग उघडा तळहात त्या रांगेवरून झर्रकन खाली ओढला, आणि टाईप करू लागला.

"ते शेवटी काय केलंस?"

"काय केलं?"

"तळहात खाली ओढलास."

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. "खटके पाडले साहेब. रोजच पाडतो."

"वहीत आहे?"

"नाय... ते कोण लिहितं? हात आपसूक जातो." आणि एकदम उठून उभा राहिला. "साहेब! हार काढला का कुणी?"

मी माझाच पंचनामा उघडला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'खटक्यांच्या रांगेवर झेंडूचा हार, दोन्ही टोकांस सुतळीने बांधलेला.' त्यालाही हात लावायचा नाही, हा हुकूमही माझाच.

मग त्यानं समजावून सांगितलं. सुरू करताना खटके एका ठराविक मांडणीत लावतात आणि पुढे जाण्याआधी पाडतात. मशीन उठता उठता खटके वाचतं. ते तसेच उभे दिसले तर त्याला वाटतं, आत दुरुस्ती चालू आहे. मग ते टेलिप्रिंटरपाशी बसलेल्या एकट्याशीच बोलतं, बाकीच्यांना दार बंद. नवमीच्या सकाळी यानंच डिस्क तपासायला खटके तसे लावले होते. पाडायच्या आत मशीन बंद करून पूजा मांडली गेली, वर हार बसला. व्यवस्थापकांनी वही पाहिली, खटके वहीप्रमाणे जागच्या जागी होते. पूजेला धक्का न लावता त्यांनी नुसती बटणं दाबली.

चार वाजता आम्ही कंपनीत पोचलो. पंचांसमोर मी हार काढायची परवानगी दिली. ऑपरेटर पुढे झाला आणि थबकला.

"सर, तुम्ही काढा. पूजा तुमची आहे."

व्यवस्थापक मशीनपाशी आले. मग चपला काढल्या, मशीनला हात जोडले आणि हार उतरवला. ऑपरेटरनं बटणं दाबली, तळहात खाली ओढला, टाईप केलं. टेलिप्रिंटर खडखडला आणि या वेळी थांबला नाही. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "आलं रे, आलं!"

व्यवस्थापक माफी मागणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी वही काढली, पेन त्याच्यासमोर धरलं. "लिही. खटके पाडणे. आणि खाली सही कर तुझी." मग शिपायाला म्हणाले, "चहा आण. पहिला याला दे."

तक्रार त्यांनी लेखी मागे घेतली. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि घरी गेलो, पण मनातून ओशाळलो होतो. हेतू सापडला म्हणून खूश झालो होतो आणि कारण डोळ्यांसमोर लोंबत होतं. मीच ते लिहून घेतलं होतं, वाचलं मात्र नव्हतं. पदवीनं मला लिहायला शिकवलं. आपलंच लिहिलेलं पुन्हा संशयानं वाचावं, हे त्या गोराईच्या पोरानं शिकवलं. त्यानंतर पंचनामा मी दोनदा वाचल्याशिवाय कुणाला कोठडीत घातलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला ठाण्यात फोन आला. ऑपरेटरच होता, आता कायम झालेला.

"साहेब, हार वरच्या कडेला बांधलाय. खटके मोकळे."

"नारळ कुणी फोडला?"

"सरांनी मलाच फोडायला लावला," तो म्हणाला. "एका घावात फुटला."