त्याच्या कमरेइतकी झाडं

बाई ठेंगणी. नवऱ्याच्या काखेखालून न वाकता निघून जाईल एवढीच. तरी सगळे तिला म्हणायचे खांबीण. दोष नवऱ्याचा. तो ताडमाड उंच, दारातून आत येताना कायम मान खाली, म्हणून त्याचं नाव पडलं खांब, आणि खांबाची बायको ती खांबीण. पहिल्यांदा कुणी तशी हाक मारली तेव्हा ती वळलीच नाही. महिन्याभरानं मुकाट्यानं 'ओ' द्यायला लागली.

खांब एका रोपवाटिकेत राखणदार होता. नोकरी यथातथाच, पण त्यानं ती डोळे उघडे ठेवून केली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी तो खिसाभर बी घेऊन आला, तडक चुलीपाशी गेला, पाणी तापवलं, बियांवर ओतलं आणि वर झाकण ठेवलं. नव्या नवरीला वाटलं, आज रात्री हेच जेवायचं दिसतंय. तिनं हळूच सासूला विचारलं, यांना मीठ किती लागतं? सासू इतकी हसली की तिला ठसका लागला. ते सुबाभळीचं बी होतं. त्याचं कवच टणक, कढत पाण्यात भिजवल्याशिवाय धड उगवत नाही.

घरामागची जमीन उताराची आणि मुरमाड. वैरणीसाठी गवत लावलं तर पहिल्या वर्षी छातीपर्यंत यायचं, तिसऱ्या वर्षी गुडघ्याच्या वर जायचं नाही. खांबानं उताराला आडव्या सुबाभळीच्या रांगा लावल्या. दोन रांगांच्या मध्ये दोन खाटा लांबीनं मावतील एवढी जागा सोडली आणि त्या पट्ट्यांत हत्तीगवत, चाऱ्याची ज्वारी, मधूनमधून चवळी पेरली. त्याच्या धाकट्या भावानं चारचौघांत विचारलं, "दादा, गवत लावतोयस की गवताला छत्र्या?" सगळे पोट धरून हसले. खांब हसला नाही. त्याला विनोद कळायचे, पण दुसऱ्या दिवशी.

झाड कमरेवर छाटत राहिलं की सावली अंगावर येत नाही, पाला म्हशींच्या पोटात जातो आणि मुळं खाली आपलं काम करत राहतात. एकदा त्यानं एक कोवळं रोप उपटलं आणि मुळावरची बारीक गाठ नखानं फोडून बायकोला दाखवली. आत गुलाबी. हवेतलं खत पकडून जमिनीला देतंय, गुलाबी आहे म्हणजे कामावर आहे, असं त्यानं समजावलं. तिनं मान हलवली आणि मनात म्हटलं, असेल. पटलं ते पुढं, रांगेला चिकटून उभं असलेलं गवत मधल्या गवताहून काळंभोर दिसायला लागलं तेव्हा. मग दिरानंही येऊन मूठभर बी मागून नेलं. छत्रीचं नाव काढलं नाही.

छाटायची उंची खांबानं ठरवली, आणि अर्थातच ती त्याची कमर. बायकोची कमर कुठं येते, हे विचारायचं त्याच्या डोक्यात आलं नाही आणि सांगायचं तिच्याही. तो कोयता चालवत पुढं, ती मागून हात वर करून फांद्या ओढत, भारे बांधत. पुन्हा पुन्हा तिथंच छाटल्यानं प्रत्येक बुंध्याच्या डोक्यावर गाठ धरली. आधी मुठीएवढी, मग नारळाएवढी. फुटवा त्या गाठीतूनच यायचा. गाठी हळूहळू वर सरकत गेल्या, त्याच्या बरगड्यांपर्यंत आणि तिच्या खांद्यापर्यंत.

त्याचे नियम कडक. एक रांग छाटली की शेजारची सोडायची. उन्हाळ्यात गाठीखाली पातं लावायचं नाही. म्हशींना एक वाटा पाला तर दोन वाटे गवत, पाला जास्त झाला तर केस झडतात. यातलं काही चुकलं की तो दिवसभर कुरकुरायचा. दुसऱ्या कुणावर तो चिडला तर गप्प बसायचा. कुरकुर फक्त तिच्यासाठी राखून ठेवलेली, आणि त्याच्याकडून तिला जे काही मिळालं ते बहुतेक याच रूपात. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी कोयता त्याच्या हातातून गळला. उचलायला वाकला तो उठलाच नाही. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली, पण तोंड थांबलं नाही. त्याची खाट खिडकीशी टाकली. खिडकीतून गोठा दिसायचा, शेत दिसायचं नाही. रोज सकाळी एकच प्रश्न: "आज कुठली रांग?"

लेक लांबच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहायची. ती आली आणि म्हणाली, म्हशी देऊन टाका आणि आमच्याकडे चला. खांब म्हणाला, म्हशी असेपर्यंत मी इथून हलणार नाही. लेक त्याच्याच वळणाची. तिनं आईला बाजूला घेऊन सांगितलं, शेतातली वैरण पुरतेय तोवर मी गप्प. चारा विकत आणायची वेळ आली की सामान बांधायचं. आईनं कबूल केलं. म्हणजे आता सगळं त्या रांगांवर आलं.

ती खोक्यावर चढून छाटायला लागली. मऊ मातीत खोकं रुतायचं, खालचं गवत चेंगरायचं. एकदा खोकं कलंडलं आणि तिचं मनगट मोडलं. खांदाही दुखावला. प्लास्टर निघालं, पण हात खांद्याच्या वर जाईना. ऐन उन्हाळा. म्हशी रिकाम्या गव्हाणीला जीभ लावून ओरडायला लागल्या आणि खाटेवरून प्रश्न यायचा तो येतच राहिला, कुठली रांग.

त्या दिवशी ती एकटीच रांगेत उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा त्याचा राग आला. झाडं त्याच्या मापाची. कोयत्याची मूठ त्याच्या मापाची. दारसुद्धा त्याच्यासाठी उंच करून घेतलेलं. आणि तो खाटेवर, आणि ती खोक्यावर. ती तशीच दिराकडे गेली आणि करवत मागितली. दीर म्हणाला, दादाला विचारलंस का? ती म्हणाली, विचारलं. आयुष्यातलं तिचं बहुधा पहिलं धडधडीत खोटं.

दोघांनी मिळून एकूण एक रांग तिच्या कमरेवर आणली, गाठींच्या पार खाली. एखादी रांग सोडावी असं दिराला वाटलं होतं, पण तिला माहीत होतं की थांबलो तर पुन्हा हिंमत व्हायची नाही. काम झाल्यावर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. कुठंही हात वर करावा लागत नव्हता. तिला इतकं हलकं वाटलं की हसू आलं.

फुटवे आले. अंगठ्याएवढे झाले आणि उन्हानं करपले. उरलेले शेजाऱ्याच्या शेळ्यांनी खुडले. आता शेळीचं तोंडही तिथवर पोचत होतं. आडोसा गेल्यावर पट्ट्यांतलं गवतही भाजून निघालं. ती विहिरीतून पाणी ओढून बुंध्यांना घालत राहिली, बादली तळाच्या चिखलाला लागेपर्यंत. एका बुंध्याजवळ तिनं उकरून पाहिलं. मुळांवरच्या गाठी काळ्या पडलेल्या, बोटात घेतल्या की भुगा.

त्याला तिनं सांगितलं नाही. रस्त्याकडेला एक सुबाभूळ आपोआप उगवलेली होती. तिची डहाळी ती रोज त्याच्या डाव्या हातात द्यायची. तो पानं चुरगळायचा आणि विचारायचा, वरच्या अंगाची रांग का? ती हो म्हणायची. मग तो कुरकुरायचा, छाटणीला उशीर केलास, पान जून झालंय. तेवढं ऐकलं की तिचा दिवस निघायचा.

लेकीनं एका रविवारी येऊन गोठ्यात डोकावलं. गव्हाणीत विकतचा पेंढा होता. ती तशीच गवळ्याकडे गेली. म्हशी त्याला विकायचं ठरलं. सामान बांधायला जावयाला पाठवलं. वडिलांना गाडीत बसवल्यावर सांगू, असं मायलेकींनी ठरवलं.

जावई आला त्या दुपारी खांबीण गोठ्यातून घरात आली तर खाट रिकामी. लेकीनं आणून दिलेली चाकाची खुर्चीही जागेवर नाही. ती पळतच मागं गेली. जावई बांधावर उभा होता, चोरी पकडली गेल्यासारखा. तो म्हणाला की मामांनी ऐकलंच नाही. मग तो घराकडे निघून गेला.

खुर्ची दोन रांगांच्या मध्ये, वाळक्या गवतात उभी होती. खांब बुंध्यांकडे बघत होता. खिडकीतून त्याला रोज गव्हाण दिसत होती, त्यातला विकतचा पेंढाही दिसत होता, म्हशी बघून गेलेला गवळीही दिसला होता. इतके दिवस त्याला काहीच कळलं नाही असं ती कशी धरून चालली, कोण जाणे. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तो खुर्चीत बसलेला, त्यामुळं त्याचं डोकं तिच्या खांद्याशी.

"उन्हाळ्यात लावली करवत," ती म्हणाली. "गाठीच्या खाली. सगळ्या रांगांना. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं."

तिनं कुरकुरीची वाट पाहिली. आता सुरू होईल, मग सुरू होईल.

"अहो, बोला की काहीतरी. शिव्या द्या."

त्यानं डावा हात लांब करून एका बुंध्याच्या कापावर ठेवला. मग तिच्या कमरेकडे पाहिलं, पुन्हा कापाकडे पाहिलं.

"इथं येत होती होय तुझी कमर," तो म्हणाला. शब्द जड निघत होते. "इतकी वर्षं हात वर करून ओढत होतीस. एकदा बोलायचंस तरी."

त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. तिनं शोधली, पण नव्हती. त्याला शेवटचा झटका जणू आत्ता आला, असं तिला वाटलं, आणि ती खुर्चीच्या चाकाशी खाली बसली.

मग त्यानं विचारलं, "म्हशी कधी नेणार?"

"उद्या सकाळी."

"मग आज पोटभर घाल त्यांना."

"काय घालू?" ती म्हणाली.

तो या रांगेकडून त्या रांगेकडे बघत राहिला, जणू कुठं काही चुकून राहिलं असेल. मग त्यानं मान खाली घातली. तिनं उठून खुर्ची मागून ओढली. चाक ढेकळात अडकलं होतं, हललं नाही. जावयाला हाक ऐकू गेली असती. तिनं हाक मारली नाही. खुर्चीची मूठ धरून ती तशीच उभी राहिली.