मिटणारं टेबल

लढाई संपली आणि पलटणीनं आम्हाला घरी धाडलं. मी इस्लामपूरला आलो तो शिलाईचं मशीन घेऊनच. पलटणीत खाकी शिवून हात बसला होता, पण महारवाड्यात मशीन मांडून गावातलं गिऱ्हाईक कुठून येणार? मला बाजारात मशीनपुरती जागा हवी होती. बाकी कुणाकडं काही मागणं नव्हतं.

बाजारात एका खोलीत दोघे भाऊ शिंपीकाम करत. खोली एवढीशी. थोरल्यानं बेतायला जमिनीवर कापड पसरलं की धाकट्यानं पाय पोटाशी घेऊन बसायचं, आणि मग दिवसभर तोंडाला तोंड. मी उंबऱ्याबाहेरून म्हणालो, "आवं, भितीला बिजागरीवर टेबल लावू. सकाळी उघडायचं, दोघांनी कापड बेतायचं, मग मिटवायचं. मिटल्यावर जागा मोकळी व्हईल तितं माझं मशीन ऱ्हाईल."

थोरला हसला. "पलटणीत जाऊन लय शाना झालास की रं!" पण टेबल फुकट मिळणार होतं आणि माझ्या ओळखीनं खाकीची कामं येणार होती. तो हो म्हणाला.

घराच्या भिंतीवर कोळशानं टेबल काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. छावणीत पाय पोटात घेणारी टेबलं मी पाहिली होती. आंब्याच्या फळ्या मिळवल्या, रंधा मागून आणला. खालच्या चौकटीत पायांसाठी अशा खाचा घेतल्या की बोटानं ढकललं तरी पाय आत जावेत. फट केसाएवढी ठेवली. ढिलं काम मला खपत नाही. टेबल लावायला तेवढं मला आत घेतलं. मी ते एका बोटानं मिटवून दाखवलं तेव्हा धाकटा म्हणाला, "लय भारी गड्या!" थोरला म्हणाला, "उद्या मशीन आण." त्या रात्री मी सुखानं झोपलो, याचा मला आजही राग येतो.

सकाळी मशीन डोक्यावर घेऊन गेलो तर टेबल उघडं, निथळत होतं. थोरला रिकामी घागर खाली ठेवत होता. रात्री एक ओतली होती, सकाळी ही दुसरी.

"तू केल्यालं हाय," तो म्हणाला. "धुवाय नगं व्हय?"

भाजी धुतल्यासारखं सहज बोलला. फळ्या फुगल्या होत्या, पाय खाचेत शिरेनात. दोघा भावांनी जोर लावून पाहिला. "कच्चं काम," थोरला म्हणाला. "मशीन ने माघारी."

मी टेबल काढून उन्हात वाळवलं, खाचा तासल्या, पुन्हा बसवलं. झकास मिटलं. पण आता माझा हात नव्यानं लागला होता. मी पाठ फिरवली की घागर आली. असं कितीदा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. शेवटी खाचा तासून तासून टेबलाचे पाय डगडगायला लागले आणि फळी तरी फुगायची ती फुगायचीच.

एक दिवस मी म्हणालो, "पानी घालायचं थांबवा. आपसूक मिटंल."

"मग आमी त्याला हात कसा लावायचा?"

"आणि मी आत कवा बसायचं?"

"टेबल मिटल्यावर. तसंच ठरल्यालं हाय न्हवं?"

तो खोटं बोलत नव्हता. बोलीला जागणारा माणूस होता. मी धाकट्याकडं पाहिलं. तो सुईत दोरा ओवत राहिला.

मग थोरल्यानं माझ्या टेबलावर बेतलेली खाकी कापड मोजायच्या गजानं ढकलत उंबऱ्याबाहेर टाकली. "घरी शिवून आण जा." माझ्या हातच्या कपड्यावर त्यानं कधी पाणी घातलं नाही. तो कपडा दुसऱ्याच्या अंगावर जायचा होता. मी धुळीतनं खाकी उचलली, झटकली आणि घरी नेऊन शिवली. टाका एकही ढिला पडला नाही.