फोटोतली टाकी

बहात्तरच्या दुष्काळात मी वडवणीजवळच्या एका गावात शेतकऱ्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मूळचा दिंद्रुडचा, नुकताच मॅट्रिक झालेला, अक्षर वळणदार, आणि त्या जोरावर अंगात नको तेवढा रुबाब. सोसायटीत मागणारे सगळे आणि लिहिणारा मी एकटा. मी म्हणजे कुणीतरी आहे असं मला वाटायचं. आज त्या पोराला समोर उभं करून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं.

युद्ध संपून वर्ष उलटलं होतं. एके दिवशी सकाळी प्रसिद्धी खात्याची जीप आली आणि आमच्या रिकाम्या गोदामात सुतळ्या ताणून तिच्यातल्या माणसानं पुठ्ठ्यावर चिकटवलेले मोठमोठे फोटो टांगले. शत्रूचं सैन्य माघार घेताना जे जे टाकून पळालं, त्याचे ते फोटो. चिखलात रुतलेला रणगाडा. दारं सताड उघडी टाकलेल्या ट्रकांची रांग. लोखंडी टोप्यांचा ढीग. एका फोटोत तीन दगडांवर पातेलं तसंच राहिलेलं, झाकणासकट. खडी फोडायच्या कामावर निघालेली माणसं आधी गोदामात शिरली. मला वाटलं, आता घोषणा होतील. कसल्या घोषणा! माणसं ट्रकचे टायर बघत होती. एकजण म्हणाला, "टायर नवे हायेत बे." दुसऱ्याला त्या पातेल्यात काय शिजत होतं याची काळजी.

मेंढरं राखणारी एक बाई होती, गाव तिला मावशी म्हणायचं. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. चाळीसेक मेंढरं हाच तिचा संसार. ती एका फोटोपुढं जी उभी राहिली ती हलेचना. दोन चाकांवरची पाण्याची टाकी होती, ट्रकमागं जोडून न्यायची, कडेला ओळीनं चार तोट्या. मी पुढं होऊन सांगितलं की ही सैनिकांची पाण्याची टाकी. तिनं फोटोवर बोट टेकवलं.

"तोटी उघडीच ठिवून पळालेत बघा. खाली समदा राडा झालाय. कावून आसं केलं आसंल? बंद तरी करायची."

मी पुन्हा पाहिलं. खरंच, एका तोटीखालची जमीन काळी ओली दिसत होती. मी तो फोटो तीनदा पाहिला होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

"मग आता ती टाकी कुटं हाय?" तिनं विचारलं.

जीपवाला म्हणाला, "असेल तिथंच पडून."

पडून आहे म्हटल्यावर चेअरमनचे कान टवकारले. सोसायटीत रिवाजच होता, एकाकडं सोसायटीचा फवारणीचा पंप पडून असला की दुसऱ्यानं अर्ज करायचा, ठराव व्हायचा आणि पंप त्याच्या दारात जायचा. चेअरमन मला म्हणाले, "लिव की बे अर्ज. पडून हाय तर मागायला काय जातंय? लई झालं तर न्हाई म्हंतील."

गावात दोन विहिरी, दोन्हींचे तळ उघडे पडलेले. बायका दोन कोसांवरून पाणी आणायच्या. टाकी आली तर गाव तगणार होतं आणि मावशीची मेंढरंही. मी वरून गंभीर चेहरा ठेवून अर्ज लिहिला. 'सदर टाकी रणांगणावर विनावापर पडून असल्याचे समजते. तरी ती आमच्या गावास मिळावी, ही नम्र विनंती.' खाली चेअरमनची सही. टाकी मावशीनं शोधली म्हणून तिचाही अंगठा घ्यायला लावला त्यांनी.

दुसऱ्या दिवशी अर्ज बीडला पाठवायला मी वडवणीला गेलो. पोस्टाच्या पायरीवर माझे दोन मित्र भेटले. पाकीट अजून उघडंच होतं. एकानं कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागला. दुसरा पोट धरून हसला. "अरे, रणगाडाही मागून घ्या. नांगरटीला होईल!" मीही हसलो. त्यांच्यापेक्षा जोरात हसलो. खाली सेक्रेटरी म्हणून माझं नाव होतं, आणि बीडच्या कचेरीत हा कागद टेबलाटेबलांवर फिरतोय असं मला दिसायला लागलं. पुढं मला तिथंच नोकरी धरायची होती. चहा पिऊन मी अर्ज तसाच परत आणला आणि घरी गेल्यावर चुलीत घातला.

चेअरमनना सांगितलं, टाकला. मावशीलाही तेच सांगितलं.

दरसाल उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढरांचे कळप गोदाकाठाकडं निघायचे. त्या साली मावशीचा दीर आपला कळप घेऊन निघाला तेव्हा तिला बोलवायला आला. ती आधी माझ्याकडं आली. "सेकटरी, टाकी येती म्हंता ना? वाट लई लांबची हाय. वाटंत पानी न्हाई, कोकरं टिकायची न्हाईत. हितंच पानी येनार आसंल तर ऱ्हाते मी."

तेव्हा एक शब्द बोललो असतो तरी भागलं असतं. जा मावशी, एवढंच. पण जा म्हटलं असतं तर का जा, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "येईल मावशी. सरकारी काम आहे, वेळ लागतो." दीर एकटाच गेला.

मग दर दोन दिवसांनी ती सोसायटीच्या दारात यायची. "आलं का काई?" मी नाही म्हणून मान हलवायचो. ती दोन कोसांवरून डोक्यावर हंडे आणून मेंढरांना ओंजळीओंजळीनं पाजत होती. आधी कोकरं गेली. मग म्हाताऱ्या मेंढ्या. चैत्र सरला तेव्हा नऊ उरली होती. अर्ज गेला असता तरी काय होणार होतं, अशी मी मनाची समजूत घालत होतो. कोण देणार होतं फोटोतली टाकी?

वैशाखात दुष्काळी कामं बघायला बीडच्या कचेरीतून एक साहेब आले. झाडाखाली चेअरमन, मावशी, मी आणि पाचपंचवीस माणसं. पाण्याचं गाऱ्हाणं ऐकून साहेब म्हणाले, "लष्कराच्या जुन्या टाक्या आल्या होत्या जिल्ह्याला, चाकांवरच्या. ज्यांचे अर्ज होते त्यांना दिल्या. परळीकडच्या एका गावात आजही उभी आहे. तुम्ही मागितली नाहीत."



चेअरमन भडकले. "मागितली न्हाई कशी? आमच्या सेकटरीनं सोता जाऊन अर्ज टाकलाय."

"आमच्याकडं आलेला नाही," साहेब म्हणाले.

तेवढ्यात मावशी गर्दीतून पुढं आली. तिनं अंगठा वर धरला. "ह्यो बघा, ह्यो लावलाय म्या त्याच्यावर. आमचा सेकटरी शिकल्याला मानूस हाय, त्यो खोटं बोलायचा न्हाई. तुमच्याकडंच कुटंतरी हरवला आसंल."

साहेब भला माणूस. तो ओशाळला. "असेल, मावशी. टपाल गहाळ होतं कधीकधी. आमची चूक झाली." आणि त्यानं सगळ्यांसमोर तिला हात जोडले.

मी तिथंच उभा होतो. माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. माझा चेहरा उतरलेला तिनं पाहिला असावा. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "मनाला लावून घिऊ नगा. तुमी तुमचं काम केलं व्हतं."

मी म्हणालो, "हो, मावशी."