हरिबाचा दम

जत तालुक्यातल्या हरिबाला दोन गोष्टींचा गर्व होता: मेंढरांचा आणि सुराचा. मेंढरं आता पहिल्याइतकी उरली नव्हती. कालव्याचं पाणी आल्यापासून घरचं रान पिकायला लागलं होतं आणि पोरगा इंद्रजित डाळिंबात रमला होता. सुराचा गर्व मात्र तसूभर कमी झाला नव्हता. चैत्रात गावच्या बिरोबाच्या यात्रेत ओवीला सुरुवात करायचा मान त्याचाच. पहिली ओळ तो एका दमात एवढी लांबवायचा, की ढोलवाले हात वर धरून ताटकळत उभे राहायचे. ओळ संपली की गडी खुशीत मिशीवरून हात फिरवायचा आणि कानावरची विडी काढून पेटवायचा.

दर हिवाळ्यात तो आणि बायको रंगुबाई मेंढरं घेऊन आष्ट्याकडे उतरायचे. ऊस तुटून गेला, की नाथाजी सुभेदारांच्या रानात वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं बसवायची. रात्रभरात रानाला खत मिळायचं आणि हरिबाला धान्य. नाथाजी फौजेतून पेन्शनवर आलेले. दिवस मावळला, की ते कॅन्टीनची रम घेऊन बांधावर यायचे. हरिबा विड्यांचा कट्टा सोडायचा. एकमेकांच्या वस्तूला कोणी हात लावायचं नाही. भांडायचं मात्र रोज.

"हरिबा, छातीचं चुलाण झालंय रं तुझ्या. धूर काय माणसानं गिळायची चीज हाय व्हय?"

"आवं सुभेदार, बिडी वडून कोण कवा गटारात पडलंय का?"

"मी कवा पडलो रं?"

"पडला न्हाईसा, पर काल जाताना इजंच्या खांबाला रामराम घातला तुमी."

असा हा खटला किती वर्षं चालला होता कोण जाणे. दोघेही वकील आणि दोघेही आरोपी, मग निकाल लागायचा कसा?

एरवी गुणगुणताना खोकल्यानं ओळ तुटली, तर हरिबा ते मनावर घ्यायचा नाही. पण यंदा एका संध्याकाळी वेगळंच घडलं. शेकोटीपाशी नाथाजींसमोर बसून हरिबानं यात्रेतली पहिली ओळ धरली. ओळ निम्म्यात आली आणि खोकल्याची अशी उबळ आली, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पुन्हा धरली, पुन्हा तेच. चुलीपाशी भाकरी थापणारी रंगुबाई थांबली. यात्रेत असं झालं, तर मान चुलतभाऊ गुंडाकडे जाणार. त्या गुंडाचा सूर म्हणजे, हरिबाच्या मते, रवंथ करणारी म्हैस.

"बिडी सोड, गड्या," नाथाजी मनापासून कळवळले. "अन् निजताना टोपणभर रम, गरम पान्यात. कफ कसा फाटतोय बघ."

"मग तुमीबी बाटली सोडा. तलफ आली तर आपली एखादी बिडी वडावी. पानच हाय त्ये, झाडाचं."

दोघांनी भंडारा उचलून शपथ घेतली. हरिबानं विडीची, नाथाजींनी रमची. बिरोबाच्या भंडाऱ्याची शपथ मोडायची दोघांचीही छाती नव्हती. पण हरिबाच्या शपथेत रमचं नाव नव्हतं आणि नाथाजींच्या शपथेत विडीचं. तेवढ्या फटीतून दोघेही आरामात पलीकडे गेले.

सुरुवातीला आनंदीआनंद झाला. नवऱ्यानं कट्टा चुलीत टाकलेला पाहून रंगुबाईनं बिरोबाला नारळ बोलला. तिकडे नाथाजींच्या बायकोनं, मनुबाईनं, रिकामी कपाटं बघून पुरणपोळी केली. पण टोपणाचा पेला कधी झाला, ते हरिबाला कळलंच नाही. एका संध्याकाळी तो ओवीची कथा सांगायला बसला. कथेत कळप नदी ओलांडून जातो. हरिबानं कळप पार नेला, पुन्हा अलीकडे आणला, पुन्हा पार नेला.

"आवं, किती येळा भिजवताय मेंढरं?" रंगुबाई म्हणाली. "सर्दी हुईल की त्यास्नी!"

ती जवळ आली आणि तिला वास आला. त्याच वेळी सुभेदारांच्या घरात मनुबाईला नव्या शालीवर गोल जळका डाग सापडला. दोघी बांधावर भेटल्या, एकमेकींशी दोन शब्द बोलल्या आणि सगळं उघड झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही आरोपी पूजाच्या दवाखान्यात हजर होते. पूजा म्हणजे नाथाजींची सून, आष्ट्यातच डॉक्टर.

तिनं दोघांची छाती तपासली, पोटं दाबली, रक्तदाब घेतला. हरिबाला एका नळीत फुंकायला लावलं. फुंकर बघून तिचा चेहरा उतरला. नाथाजींना मात्र निकालाचीच घाई.

"पूजा, येकदा सांगून टाक. वाईट कंची? बिडी का दारू?"

"मामा, विहिरीत बुडायचं का नदीत, असं विचारताय तुम्ही," पूजा म्हणाली. "विडी गपचूप खाते. छाती, काळीज, तोंड, घसा, काही सोडत नाही. दिवसाला दोन ओढल्या तरी खाते. पान असलं म्हणून काय झालं, आत तंबाखूच आहे. शिवाय शेजारी बसलेल्या रंगुबाईंच्याही छातीत धूर जातोच. दारू लिव्हर खाते, रक्तदाब वाढवते, कॅन्सर तिच्यानंही होतो, आणि अक्कल आधी जाते. तिच्यापायी घरच्यांचे हाल होतात ते वेगळेच."

"म्हंजी बरोबरी झाली," नाथाजी.

"बरोबरी कसली! एकाच घशावर दोन्हींचा मारा झाला, की धोका नुसता दुप्पट होत नाही, कितीतरी वाढतो. आणि तुम्ही अदलाबदल करून दोघांनीही दोन्हींची चव घेतलीत."

दोघे शाळेत छडी खाल्लेल्या पोरांसारखे खाली बघत बसले. हरिबानं हळूच विचारलं, "डॉक्टरीनबाई, माझा दम येईल का माघारी?"

पूजानं खोटं सांगितलं नाही. "थोडा येईल, तात्या. सगळा नाही येणार. पण आज थांबलात तर आहे तेवढा टिकेल." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "आणि मामा, परत सुरू केली असेल तर तसं सांगा. सोडताना हात थरथरले, झोप उडाली, तर लपवायचं नाही. त्यावर औषध असतं."

त्या दिवशी भंडारा पुन्हा उचलला गेला. या वेळी शपथेचे शब्द मनुबाईनं सांगितले आणि विडी, रम, तंबाखू, ताडी, सगळ्यांची नावं घेतली. फट म्हणून ठेवली नाही. पुढचे दिवस दोघांनाही जड गेले. नाथाजी उगाच मेंढरांवर खेकसायचे. हरिबा बडीशेप चावून चावून वैतागला होता. पण पहाटेचा खोकला कमी होत गेला. माघारी गावी जाताना तो वाटेतला चढ न बसता चढला आणि वर पोचून लहान पोरासारखा हसला.

चैत्र आला. नाथाजी आणि मनुबाई खास यात्रेला आले. ढोल घुमले, भंडारा उधळला, माणसं पिवळी झाली. गुंडा मागं घसा खाकरत तयारच होता. हरिबानं कानावर हात ठेवला आणि ओळ धरली. सूर स्वच्छ निघाला, चढला, लांबत गेला. आणि शेवटाला दोन हात उरले असताना दम संपला. खोकला नाही, काही नाही, नुसता संपला. ढोलवाल्यांचे हात वर.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक सूर आला. बारीक, पण जागचा न हलणारा. त्यानं ती ओळ जिथं सुटली होती तिथून उचलली आणि शेवटापर्यंत नेली. ढोल कडाडले. लोक माना वळवून बघायला लागले. रंगुबाई पदर तोंडाशी धरून उभी होती, आपणच गायलो यावर तिचा विश्वास बसत नसावा.

पुढची ओळही तशीच झाली. त्याची सुरुवात, तिचा शेवट. गुंडाला खाकरायची पाळीच आली नाही. हरिबाचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

ओवी संपल्यावर तो तिच्यापाशी गेला.

"तुला ह्ये कवापास्नं येतंय गं?"

"लय वर्सं झाली," रंगुबाई म्हणाली. "तुमी खोकत बसायचा, तवा उरल्याली ओळ मी मनातल्या मनात पुरी करायची."